सातव्या मजल्याचं दार

नाहूर
३ नोव्हेंबर २०२४

मेलरॉय,

तू फोन बंद करून टाकलायस, जोआना नवा नंबर देत नाही, म्हणून हे पत्र. शाळेत रजेचा अर्ज लिहिला होता, त्यानंतर पेन धरतोय ते फक्त दारांच्या तपासणीचं रजिस्टर भरायला. अक्षराला हसू नकोस. हसलास तरी चालेल म्हणा.

काल ऑल सोल्सला, मेलेल्यांच्या दिवशी, मी वाकोल्याच्या सिमेट्रीत आलो होतो. तुमच्या आधी पोचलो. आंटीच्या क्रुसापाशी शेवंती ठेवली, मेणबत्ती लावली, ती वाऱ्याने तीनदा विझली. मग तू नि जोआना गेटातून येताना दिसलात आणि मी मागच्या भिंतीकडून सटकलो. पळालोच म्हण. किती बारीक झालायस रे तू. नंतर जोआना एकटी बाहेर आली तेव्हा तिला गाठलं. ती म्हणाली, भाऊ गोराईला रेमंडमामाच्या वाडीत भाजीला पाणी घालतो, वाढलं तर जेवतो, नाही वाढलं तर मागत नाही. आणि कुणी काहीही विचारलं तरी एकच बोलतो, मम्माला मी मारलं.

मेलरॉय, तू नाही मारलंस. एवढं लिहायलाच हा कागद घेतलाय.

आपल्या बिल्डिंगला चौदा मजले, म्हणजे जिन्याला धूर अडवणारी चौदा फायर डोअर. गणपतीच्या आधी तू एकट्याने चौदाच्या चौदा तपासलीस, दार आपोआप ओढून लावणाऱ्या क्लोजरला तेल दिलंस, स्क्रू आवळलेस, मग नाशिकच्या कामाला गेलास. बारा सप्टेंबरला खालच्या मीटर रूममध्ये आग लागली आणि धूर जिन्यातून वर चढला. तेरा दारं आपली आपण बंद झालेली होती. सहाव्या मजल्यावर जाऊन बघ, लॉबीची भिंत अजून पांढरी आहे. आठव्याचीही. किती माणसं, किती पोरं त्या दारांमागे जिवंत राहिली, त्याचा हिशेब कुणी केला नाही. सातव्याचं एक उघडं राहिलं, आंटी त्यात गेली, तेवढंच सगळ्यांनी बघितलं. चौकशीच्या कागदावर लिहून मोकळे झाले, क्लोजर ढिला, तपासणी करणारा मेलरॉय. ऑफिसने तुला घरी बसवलं.

क्लोजर ढिला नव्हता. तुझ्या हाताखालून गेलेला क्लोजर पंधरा दिवसांत ढिला पडत नाही, मी दहा वर्षं बघतोय. तू स्वतःला खाऊ नकोस. बाकी भेटलास की बोलू.

बाबा तुझी आठवण काढतात. मानसीने विचारलंय.

नितेश


नाहूर
२१ जानेवारी २०२५

मेलरॉय,

उत्तर नाही आलं. नाही तर नाही. पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे पोचलं असं मी धरून चाललोय.

जानेवारीची तपासणी सुरू झाली. तुझ्या जागी शिवदास म्हणून एक दिलाय. पोरगा वाईट नाही, पण दाराला हात लावतो तो दार चावेल अशा थाटात. सत्तर किलोचं दार बिजागरीवर चढवताना एकाने खालून पेलायचं नि दुसऱ्याने पिन घालायची, हे आपल्याला कधी बोलावं लागलं नाही. याला मी दर वेळी सांगतो, पेल रे बाबा, पेल, माझी बोटं आहेत खाली. संध्याकाळी घसा बसतो.

बाकी धंदा तोच. अंधेरीत एका भाड्याच्या बिल्डिंगमध्ये पाचव्या मजल्यावर फायर डोअरला तुळशीची कुंडी लावून ठेवलेली. मी हलवायला गेलो तर म्हातारी म्हणते, पाप लागेल. घाटकोपरला दाराच्या मागे तीन सायकली नि एक जुना फ्रीज. मुलुंडला तर कमाल, दाराच्या कडेची काळी पट्टी, ती आग लागली की फुगून फट बंद करते ना, ती पोरांनी ओढून काढून क्रिकेटच्या बॅटला ग्रिप म्हणून गुंडाळली. भाडेकरू म्हणतो घरमालकाला विचारा, घरमालक म्हणतो भाडेकरूने मोडलं. भाड्याच्या बिल्डिंगमध्ये जिन्याचं दार कुणाचंच नसतं, हे तू म्हणायचास. मी आता शिवदासला माझं म्हणून सांगतो.

तुझी वितीची परीक्षा मी सोडलेली नाही. दार पूर्ण उघडून सोडायचं, अर्धं उघडून सोडायचं, आणि शेवटी फक्त एक वीत उघडून सोडायचं. बाकी सगळे पहिल्या दोन वेळा बघून सही करतात. तू म्हणायचास, पूर्ण उघडलेलं दार जोरात येतं, ते लागणारच. एका वितीवरून जे येतं त्याच्यात जोर नसतो, ते खट वाजून लागलं तर दार खरं. शिवदास विचारतो, एवढं कशाला. मी सांगतो, ज्याने शिकवलं त्याला विचार.

काल आपल्या बिल्डिंगची पाळी होती. एक ते सहा मी केले. सातव्यावर आलो नि शिवदासला म्हटलं, तू कर, मी खाली पाणी पिऊन येतो. पाणी बॅगेत होतं. तिथे आता नवीन दार बसवलंय, करडं. लॉबीला रंग दिलाय. तुमचं सातशे चार मालकाने कुणा बँकवाल्याला भाड्याने दिलं. त्यांनी आंटीच्या उंबऱ्याजवळची ती लहान क्रुसाची खूण खरवडलेली नाही, तेवढं बरं.

लॉबीत बाबा वॉकर धरून उभे होते. शिवदासने दार तीनदा सोडलं, तीनदा खट वाजलं, आणि प्रत्येक खटला बाबांनी डोळे मिटले. मी जिन्यातून, दाराच्या छोट्या काचेतून बघितलं.

मला तुला काही सांगायचंय. या पत्रात नाही जमत.

नितेश


नाहूर
२० एप्रिल २०२५, ईस्टर

मेलरॉय,

आज सकाळी उठलो नि नाक आपोआप सातशे चारकडे गेलं. ईस्टरच्या दिवशी आंटीचे मैद्याचे फुगे तळायला पडले की वास लिफ्टमधून खाली वॉचमनपर्यंत जायचा. पहिलं ताट आमच्याकडे. बाबा आधी म्हणायचे, माका तेलकट नको, आणि मग सहा खायचे. मानसीने यंदा करून बघितले, तिचे फुगलेच नाहीत. पोरगी सोडून आम्ही तिघांनी ते दगड गपचूप खाल्ले.

बाबा नि आंटीचं एक वेगळंच होतं ना रे. हे गिरणीतले, मालवणी सोडून दुसरं काही न बोलणारे, ती वाकोल्याच्या गावठाणातली. दोघं लॉबीत खुर्च्या टाकून बसायचे आणि मासळीच्या भावावरून भांडायचे. बाबा चाळीतून इथे आले तेव्हा म्हणत होते, या टॉवरात माणूस मेला तरी शेजाऱ्याला कळायचं नाही. आंटीने दुसऱ्याच दिवशी दार वाजवून विचारलं, मीठ आहे का. तिच्याकडे मीठ होतं. मला नंतर तिनेच सांगितलं.

तू त्या दिवशी इथे नव्हतास, तुला कुणी नीट सांगितलंही नसेल. सांगतो. कंबरेच्या ऑपरेशनमुळे बाबांना गावी जाता येत नव्हतं, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा आमचा गणपती नाहूरला बसला. गौरीबरोबर विसर्जन. आमच्यात विसर्जनाला निघालं की घर रिकामं ठेवत नाहीत. देवाच्या जागी दिवा लावायचा, पाटावर तलावाची माती घेऊन परत येऊन आरती होईपर्यंत तो विझू द्यायचा नाही, आणि घराचं दार लोटायचं नाही. मग बसणार कोण. बाबा हट्टाला पेटलेले, मी व्हीलचेअरवरून येणार, माझ्या देवाला मीच पोचवणार. मानसी म्हणाली, मी थांबते. तेव्हा आंटी आली. पांढरा झगा, गळ्यात माळ. म्हणाली, "जा रे बाबा तुम्ही सगळे. माझे गुडघे काय तलावापर्यंत यायचे नाहीत. मी बसते तुमच्या दिव्यापाशी."

बाबांनी तिला दोनदा बजावलं, आम्ही येईपर्यंत दार लोटू नको. तिने मान डोलावली. आम्ही लिफ्टमध्ये शिरलो तेव्हा ती उंबऱ्यात उभी राहून मोरया म्हणाली. हसत होती.

ती तिच्या घरी नव्हती मेलरॉय, आमच्या घरी होती. तू तेव्हा विचारत होतास ना सगळ्यांना, मम्मा बाहेर का नाही पळाली. तिला दिवा सोडायचा नव्हता. फायरवाल्याने सांगितलं, दिव्याभोवती तिने पितळेची परात उभी करून ठेवली होती, वारा लागू नये म्हणून. जिन्यातून वारा येत असणार आधी. नंतर धूर.

आज एवढंच. हात दुखतोय.

नितेश


नाहूर
२ सप्टेंबर २०२५, गौरी विसर्जन

मेलरॉय,

यंदा गणपती गावी, बाळाकाकाकडे. बाबांना विचारलं, आणायचा का इथे. ते भिंतीकडे तोंड करून झोपले.

वर्ष झालं. तारखेने व्हायला अजून दहा दिवस, पण आमच्याकडे तिथीच खरी. आज दुपारी खालून दुसऱ्यांचे ढोल वाजत गेले तसे बाबा उठून बसले आणि मला म्हणाले, "मेलरॉयक सांगलंस काय?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "मगे मी सांगतंय. माका गोराईक ने." मी म्हटलं बाबा, तुम्हाला बोटीत कोण चढवणार. ते रडायला लागले. ऐंशी वर्षांचा माणूस, गिरणी बंद पडली तेव्हा रडला नाही, आई गेली तेव्हा नाही. "ती माझ्यामुळे गेली" म्हणत राहिले.

आता तू म्हणशील, काय सांगायचंय, सांग की. वर्षभर नुसतं सांगायचंय, सांगायचंय लावलंय यानं. मेलरॉय, मी भित्रा आहे. तुझ्याइतकं मला कुणी ओळखत नाही, पण हे तुला माहीत नसेल. सांगितलं तर ऑफिस जाईल, मालक घर खाली करायला लावेल, मानसी नि पोरगी रस्त्यावर. रोज मनाशी हेच घोकतो. आणि शिवाय बाबा. सांगितलं तर त्यांचं नाव येणार, आणि म्हातारा ते सोसणार नाही. हे पण घोकतो. मानसी परवा म्हणाली, तुम्ही बाबांच्या मागे लपताय. मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही.

सगळं खोटं. खरं एकच आहे. तुला कळल्यावर तू माझं तोंड बघणार नाहीस, आणि ते मला सहन होत नाही. आत्ताही बघत नाहीस, पण आत्ता मला वाटतं, तू दुःखात आहेस म्हणून बघत नाहीस. त्यात थोडी आशा उरते. किती हलकट विचार आहे बघ. तू तिकडे स्वतःला मारेकरी समजून वांग्याला पाणी घालतोयस आणि मी इकडे आशा धरून बसलोय.

जोआनाने सांगितलं, तू चर्चमध्ये जातोस पण कन्फेशनला बसत नाहीस. म्हणतोस, माझ्या पापाला माफी नाही.

तुझं पाप नाहीच आहे रे ते.

नितेश


नाहूर
२ नोव्हेंबर २०२५

मेलरॉय,

बाबा गेले. दिवाळीत पाडव्याच्या दिवशी सकाळी, घरीच. शेवटचे दोन दिवस बोलत नव्हते, नुसते माझ्याकडे बघत होते. काय विचारतायत ते मला कळत होतं. शेवटी त्यांच्या कानात म्हटलं, सांगतो बाबा. त्यांना ऐकू गेलं की नाही माहीत नाही.

आता माझ्यापुढे कुणी म्हातारा नाही, ज्याच्या मागे लपू. एका बैठकीत लिहितो, मध्ये थांबलो तर परत उचलणार नाही.

गेल्या वर्षी सहा तारखेला तू नाशिकला गेलास, सातला गणपती आले. पहिल्याच दिवशी लोकांची ये-जा सुरू झाली. बिल्डिंगची एक लिफ्ट बंद होती, माणसं जिन्याने येत होती आणि दर वेळी ते दार धाडकन लागत होतं. तू क्लोजर चांगला कडक ठेवला होतास. बाबा वॉकर घेऊन लॉबीत उभे राहायचे, येणाऱ्याला या, या म्हणायला. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, देव घरात आसताना वाटेर दार लावूचा नाय. गावी गणपतीत कुठलंच दार लागत नाही, भजनाची मंडळी केव्हाही येतात. त्यांच्या लेखी जिन्याचं दार हे आमच्या घराचंच दार झालं होतं. मी समजावलं. खरंच समजावलं. पण ते इतकं दीनवाणं म्हणाले, नितेश, माझो ह्यो शेवटचो गणपती.

दहा वर्षं लोकांच्या कुंड्या उचलल्या, चपलांचे स्टँड फेकले, म्हाताऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या. आणि मी स्वतः पान्याची पिशवी उघडली, क्लोजरपासून चौकटीपर्यंत जातो तो आर्म काढला, पिशवीत टाकला आणि दार भिंतीला टेकवलं. चार मिनिटांचं काम. बाबांनी चौकटीला आंब्याचा टाळा, पानांची डहाळी, बांधला. तीन दिवसांचा प्रश्न, असं म्हटलं मी.

विसर्जनाला निघताना आर्म परत लावायचं ठरवलं होतं. पटकन सापडावा म्हणून स्क्रू सकाळीच कुर्त्याच्या खिशात टाकला. मग खाली ढोल सुरू झाले, बाबांची व्हीलचेअर लिफ्टमध्ये बसेना, पोरगी रडायला लागली, आणि मूर्ती माझ्या हातात. विसरलो. विसरलो मेलरॉय, याला दुसरा शब्द नाही. तलावावर पोरीचं नाक पुसायला रुमाल काढला तेव्हा स्क्रू बोटाला लागला. मनात म्हटलं, घरी गेल्यावर लावू. पावणेसहा वाजले होते. मीटर रूमची आग साडेपाचची.

याच्यापुढचं जास्त वाईट आहे.

आंटीला हॉस्पिटलात नेलं, तिथे त्यांनी कागद मागितले. तिचं आधार कार्ड आणायला मी आठ वाजता वर आलो. वीज नव्हती, बॅटरी लावून मोबाइल तोंडात धरला होता. कार्ड सापडलं. परत जाताना ते दार दिसलं, भिंतीला टेकलेलं, काळंठिक्कर, त्यावर टाळ्याची जळकी पानं. आणि मी थांबलो. आंटी तेव्हा जिवंत होती की नव्हती मला ठाऊक नव्हतं, आणि तिचं कार्ड काखेत धरून मी घरातून पान्याची पिशवी आणली, आर्म काढला, लावला, खिशातला स्क्रू घालून पिळला. टाळा काढून पिशवीत कोंबला. आर्म स्वच्छ होता, म्हणून भिंतीवरची काजळी तळव्याने घेऊन त्याला फासली. मग हॉस्पिटलात गेलो. तिथे बाहेर बाबा बसले होते. त्यांनी माझे काळे हात बघितले.

दुसऱ्या दिवशी चौकशीवाले आले तेव्हा आर्म जागेवर. म्हणजे दार लागायला हवं होतं, लागलं नाही, म्हणजे क्लोजर ढिला, म्हणजे मेलरॉय. एवढं सरळ झालं. मी तिथेच उभा होतो. त्यांनी तुला विचारलं, क्लोजर तूच बघितलास ना. तू म्हणालास, हो, मीच.

नंतर वाकोल्याला आंटीला मातीत ठेवताना तू माझा हात धरलास. तो हात धुतलेला होता.

हे सगळं मी काल ऑफिसात लेखी दिलंय. एक प्रत सोबत जोडली आहे. तुझ्या नावावरचा शेरा काढायला अर्ज केलाय. साहेब कागद वाचत असताना पाणी पीत होता, ते त्याने तसंच ठेवलं. मला घरी बसवतील, पोलिसांतही जावं लागेल. मानसीला सांगितलं. ती म्हणाली, उशीर केलात. बॅगा भरायला लागली आहे, पण मला सोडून नाही, दहिसरला तिच्या भावाकडे आम्ही तिघं जातोय.

तुझ्याकडे काय मागू. माफी हा शब्द लिहिला, खोडला, दोनदा. फक्त एवढं कर. आजपासून मम्माला मी मारलं असं म्हणू नकोस. ज्याने मारलं त्याचं नाव तुला आता माहीत आहे. जेव. मागून जेव. मी गोराईच्या बोटीपाशी रविवारी सकाळी उभा राहीन, तुला यायचं तर ये. येऊन मारलंस तरी ये.

आंटीची ती पितळेची परात आमच्याकडे आहे. घासली, पण एका बाजूचा डाग जात नाही. ती कुणाची आता, तुमची की आमची, मला कळत नाही.

नितेश


गोराई
१६ नोव्हेंबर २०२५

नितेश,

पत्रं सगळी मिळाली. गेल्या रविवारी तू बोटीपाशी उभा होतास ते मी खाडीच्या पलीकडून बघितलं. दुपारी दोनला गेलास.

मला माहीत होतं.

आगीच्या दुसऱ्या दिवशी, तेराला सकाळी, चौकशीवाले यायच्या आधी, मी जिन्याने वर आलो. मम्मा कुठून गेली ते बघायचं होतं. दार काळं, क्लोजर काळा, आर्म काळा, आणि स्क्रूचं डोकं चकचकीत. काजळी आर्मला फासलीस, पण स्क्रू नंतर आणखी एकदा आवळलास. ती तुझी सवय आहे, सगळं झाल्यावर शेवटचा एक पीळ द्यायचा. मीच लावलेली. तेव्हा तिथे उभ्या उभ्या सगळं कळलं. अंकल तुमच्या उंबऱ्यात बसले होते, त्यांनी मला बघितलं आणि टॉवेल तोंडावर घेतला.

मी अंगठ्याने भिंतीची काजळी घेतली आणि त्या स्क्रूला लावली. मग ते लोक आले आणि मी म्हटलं, मीच बघितला होता क्लोजर.

का केलं ते विचारू नकोस. मम्मा तुमच्या दिव्यापाशी बसून गेली. ती असती तर तिनेही म्हाताऱ्याला वाचवलं असतं. अंकल गेले ते जोआनाने सांगितलं. मी मामाच्या घरी मेणबत्ती लावली त्यांच्यासाठी.

मम्माला मी मारलं म्हणायचो, ते खोटं नव्हतं. मी नाशिकला गेलो नसतो तर तो आर्म तुला काढू दिला नसता. तुला शिव्या घातल्या असत्या, अंकलना समजावलं असतं, नाही तर गणपती होईपर्यंत त्या दारात स्वतः खुर्ची टाकून बसलो असतो.

दाराचं मी तुला तेव्हाच सोडून दिलं होतं. तुझ्या जागी असतो, अंकलनी माझ्याकडे तसं मागितलं असतं, तर मीही आर्म काढला असता कदाचित. विसरायला मीही विसरलो असतो. दफनाच्या वेळी तुझा हात धरला तो यासाठी की आता हा बोलेल. तू बोलला नाहीस. मग पहिलं पत्र आलं, मी वाडीत उभ्यानेच फोडलं. त्यात मेणबत्ती होती, लॉबीची भिंत होती. दुसऱ्यात सायकली, फ्रीज. दर वेळी वाटायचं यात असेल. चौदा महिने, नितेश. एका ओळीसाठी मी पोस्टमनची वाट बघितली. ओळ आली तेव्हा अंकल नव्हते, आणि माझ्याकडेही काही उरलं नव्हतं.

ऑफिसचा माणूस येऊन गेला. नाव काढतो म्हणाला. मी परत येणार नाही. पोलिसांनी विचारलं तर स्क्रूला काजळी मी लावली हे मी सांगणार, ते तुझ्यावर येऊ देऊ नकोस.

बोटीपाशी उभा राहू नकोस. पत्रही नको आता. परात तुम्ही ठेवा, तिने तुमच्याच दिव्याला लावली होती.

दहिसरला जिथे राहायला जाल ती बिल्डिंग पण भाड्याचीच असेल. पहिल्या दिवशी जिन्याचं दार एक वीत उघडून सोड. खट वाजेपर्यंत तिथून हलू नकोस.

मेलरॉय